भाकरीचा सातबारा

कर्बोदकांची मोजणी म्हणजे दिवसभरात पोटात गेलेल्या पिष्टमय आणि गोड पदार्थांचा ग्रॅममधला हिशेब. एक ग्रॅम कर्बोदकातून चार ऊष्मांक मिळतात. पचनात त्याचे ग्लुकोज होते, ते रक्तात उतरते आणि इन्शुलिन त्याला पेशींच्या दारातून आत घेते. मधुमेहात इन्शुलिन एक तर पुरेसे पाझरत नाही, नाही तर दारावर त्याचे कुणी ऐकत नाही. मग ग्लुकोज रक्तातच तुंबते. तेव्हा रक्तात किती ग्लुकोज येणार याचा अंदाज आधीच घेऊन जेवण, गोळी आणि चालणे यांचा मेळ घालायचा, एवढेच हे शास्त्र. बेरीज येणाऱ्या माणसाला ते अवघड जाऊ नये. तरीही जाते, कारण बेरजेच्या आधी नोंद करावी लागते, आणि माणूस नोंद नावावरून करतो. शरीराला नावे वाचता येत नाहीत. त्याला फक्त वजन कळते.

या अभ्यासासाठी जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्याचे जांब समर्थ हे गाव सोयीचे आहे, कारण तिथे नावांचा घोळ वेशीपासूनच सुरू होतो. मराठवाड्यात पेरूलाही जांब म्हणतात, आणि हे फळ मधुमेही माणसाला चालणाऱ्या थोड्या फळांत मोडते. नावाचा दुसरा भाग समर्थ रामदासांचा. १६०८ च्या रामनवमीला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी त्यांचा जन्म इथेच झाला. बाराव्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच त्यांनी मंडप सोडला, असे परंपरा सांगते. म्हणजे पंगत बसण्याच्या आधीच. आज मात्र शेजारच्या अंबड तालुक्यात, अंकुशनगरला, त्यांच्याच नावाचा सहकारी साखर कारखाना आहे. गोदाकाठ आणि जायकवाडीचा डावा कालवा यांनी या पट्ट्यात ऊस आणला, आणि ज्वारीच्या मुलखाला साखरेशी सोयरीक करावी लागली.

रोगाचे मराठी नाव तसे प्रामाणिक आहे. आयुर्वेदाने प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले, त्यांतला एक मधुमेह. लघवीला मुंग्या लागतात, ही त्याची जुनी खूण. मुंगी ही वैद्यकातली पहिली प्रयोगशाळा म्हणता येईल. तिला रिपोर्टचे पैसे लागत नव्हते, उपाशीपोटी येण्याची अट नव्हती, आणि ‘रिपोर्ट संध्याकाळी या घ्यायला’ असेही ती म्हणत नसे. युरोपात ही गोडी साखरेचीच आहे हे मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज डॉक्टराने १७७६ मध्ये दाखवले. तोवर मुंग्यांची तपासणी चालूच होती.

बोलण्यात मात्र मधुमेह हा शब्द कुणी वापरत नाही. बोलण्यातला शब्द आहे ‘शुगर’. ‘आबांना शुगर आहे’ या वाक्यात काळजी असते आणि थोडी प्रतिष्ठाही, कारण हा आजार पूर्वी खुर्चीत बसणाऱ्यांचा समजला जाई. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर. एवढ्या लोकांना पुरतील इतक्या खुर्च्या देशात असतीलही, पण त्यातले पुष्कळ जण बांधावर बसणारे आहेत.

‘आपण कुठं जाड आहोत?’ हा बांधावरचा ठरलेला बचाव. त्याला उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःचेच उदाहरण देऊन दिले. २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघेही सडपातळ. उंचीशी वजनाचे गुणोत्तर दोघांचेही २२.३, अगदी दशांशापर्यंत सारखे. चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. भारतीय शरीराची ही खुबी आहे. ते बाहेरून काटक दिसते आणि आत साठा करून ठेवते, दुष्काळी भागातल्या व्यापाऱ्यासारखे. म्हणून आशा ताई तिशी ओलांडलेल्यांचा फॉर्म भरायला येतात तेव्हा पिशवीतून टेप काढून कंबर मोजतात. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईची ८० च्या आत असली तर गुण शून्य, आणि शून्य चांगले. मोजताना पोट आत ओढले जाते, हा जगभरचा नियम इथेही पाळला जातो. टेप सुटला की पोट आपल्या जागी येते. फॉर्मवर आकडा मात्र ओढलेल्या पोटाचा राहतो. नोंदीतली ही पहिली चूक.

मोजणीचे एकक ठरवताना जगाचे एकमत झालेले नाही. अमेरिकेत १५ ग्रॅम कर्बोदकांचा एक वाटा धरतात, ब्रिटनमध्ये १० ग्रॅमचा, जर्मनीत पावाच्या हिशेबाने १२ ग्रॅमचा. मराठी आहारतक्त्यात हे एकक ‘पोळी’ असते. तक्त्यातली पोळी २५ ग्रॅम कणकेची. तिच्यात कर्बोदके सुमारे १५ ग्रॅम. ही पोळी शहरातल्या आहारतज्ज्ञाच्या खोलीत प्लास्टिकच्या नमुन्यात दिसते. ती गोल असते, पातळ असते आणि एका घासात संपेल अशी असते.

जांबच्या चुलीवर पोळी सणाला होते, रोज भाकरी. ज्वारीचे पीठ काठवटीत घेताना ते मोजत नाहीत, हाताला कळते. एका भाकरीला हात दोनदा पिठाच्या डब्यात जातो. पिठाचा उंडा गरम पाण्यात मळून, थापून, ताटाएवढा करून तव्यावर टाकला आणि वरून पाण्याचा हात फिरवला की तिचे वजन विचारणारा अजून जन्माला यायचा असतो. तरीही काट्यावर ठेवलेच, तर शेतावर जाणाऱ्या भाकरीला ९० ग्रॅमच्या आसपास पीठ सहज लागते. ज्वारीत शंभर ग्रॅमला सुमारे ६७ ग्रॅम कर्बोदके. म्हणजे एका भाकरीत ६०. तक्त्यात ‘दुपारी दोन पोळ्या’ लिहिलेले असते. ‘पोळी आम्ही खात नाही, भाकरी खातो’ असे अभिमानाने सांगून दोन भाकरी खाल्ल्या जातात. तक्त्याच्या मते पोटात ३० ग्रॅम गेले. भाकरीच्या मते १२०. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. भांडण सुटते ते रक्तात.

ज्वारीने साखर वाढत नाही, हा या भागातला मोठा विश्वास. त्यात अर्धे तथ्य आहे. ज्वारी, बाजरी आणि गव्हाचे पीठ यांच्यात शंभर ग्रॅमला कर्बोदके साधारण ६२ ते ६८ ग्रॅम, तांदळात ७८. तंतू मात्र पहिल्या तिघांत दहा-अकरा ग्रॅम आणि पांढऱ्या तांदळात जेमतेम तीन. तंतू म्हणजे साखरेच्या वाटेवरचा गतिरोधक. त्याने गाडी हळू होते, पण गाडीतला माल कमी होत नाही. साबुदाणा हा बिनगतिरोधकाचा रस्ता. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात कर्बोदके ८७ ग्रॅमच्या आसपास, आणि तंतू नाममात्र.

साखर किती वेगाने चढते हे सांगणाऱ्या आकड्याला ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात. डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९८१ मध्ये टोरंटोत मांडला. त्याचे लघुरूप ‘जीआय’. दुर्दैवाने भौगोलिक मानांकनाचे लघुरूपही तेच, आणि जालना जिल्हा दुसऱ्या जीआयमध्ये श्रीमंत आहे. जालन्याच्या मोसंबीला जीआय आहे, मराठवाड्याच्या केशर आंब्याला आहे, आणि अलीकडे दगडी ज्वारीलाही मिळाले. ‘डॉक्टर म्हणाले जीआय बघून खा’ हा सल्ला इथे फार मनापासून पाळता येतो. मोसंबीचे पोते दारात उतरते, त्यावर जीआय छापलेले असते, आणि आज्ञा मोडल्याचा दोष कुणावर येत नाही.

मोसंबी तशी निरुपद्रवी आहे. फोडी करून खाल्ली तर शंभर ग्रॅम गरात आठ-नऊ ग्रॅम साखर, सोबत चोथा. अडचण रसाची. एका ग्लासाला तीन-चार मोसंब्या लागतात. चोथा गाळणीत राहतो आणि गतिरोधकासह उकिरड्यावर जातो. चार मोसंब्या सोलून खायला कुणी बसत नाही, बसला तर दुसरीलाच दमतो. ग्लास मात्र उभ्याउभ्या रिकामा होतो. आमरसाचे गणित याच जातीचे. फक्त तिथे वाटी हे माप नसते, ‘अजून थोडा’ हे माप असते.

आता चहा. मधुमेहाच्या व्यवहारात चहाची गणना खाण्यात होत नाही. तो पिण्यातही धरत नाहीत, तो बोलण्यात धरतात. सकाळी गाडी आली की चहा, माणूस आले की चहा, माणूस जायला निघाले की चहा. ‘शुगर आहे’ म्हणून सांगितले तर तीन प्रकारचे चहा संभवतात. पहिला ‘कमी साखरेचा’. यात घरातल्या सगळ्यांचा चहा एकाच पातेल्यात होतो आणि पाहुण्याला कपात कमी दिला जातो. साखर कमी होते हे खरे, कारण चहाच कमी होतो. दुसरा ‘फिक्का’. हा वेगळ्या पातेलीत करावा लागतो. तो करताना आतून ‘कुणाला गं फिक्का?’ असा प्रश्न येतो, आणि माजघरापर्यंत सर्वांना पाहुण्याच्या स्वादुपिंडाची हकिकत कळते. संकोची माणूस ते टाळण्यासाठी गोड चहा पितो.

तिसरा गुळाचा. याचा प्रसार अलीकडे राज्यभर झाला, हमरस्त्यावर पाट्या लागल्या. गुळात शंभर ग्रॅमला सुमारे ८५ ग्रॅम साखरच असते, बाकीचे पाणी, थोडी खनिजे आणि पुष्कळसा चांगुलपणा. चांगुलपणाचा रक्तातील ग्लुकोजवर परिणाम होत नाही. ‘साखर नको मामा, मला चालत नाही. गुळाचा टाका’ असे म्हणणारा माणूस पुढच्या दाराने चोराला हाकलतो आणि मागच्या दाराने त्याच्याच भावाला पाट मांडतो.

चहासोबतच्या बिस्किटांची गोष्ट याहून नवलाची. सगळ्या खाद्यपदार्थांत खरे नाव सांगणारा हा एकच पदार्थ. त्याच्या वेष्टनावर ठळक अक्षरांत ‘ग्लुकोज’ असे लिहिलेले असते. तरी रक्तातले ग्लुकोज वाढले म्हणून तपासायला आलेला माणूस दवाखान्याच्या ओट्यावर बसून चार ग्लुकोज बिस्किटे चहात बुडवून खातो, कारण गोळी उपाशीपोटी घ्यायची नसते.

उपाशीपोट आणि उपवास यांतला फरक इथेच स्पष्ट करावा लागतो. प्रयोगशाळेचे फास्टिंग म्हणजे आठ तास पाण्याशिवाय काहीही न घेणे. एकादशीचे फास्टिंग म्हणजे आठ तासांत साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचे काप, केळी, राजगिऱ्याचा लाडू आणि दूध. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण रक्तशर्करेची यंत्रे येण्याच्या कितीतरी आधीची आहे. निरीक्षण पक्के होते, मोजमाप तेवढे उशिरा आले. एका उपवासाच्या थाळीत सव्वाशे-दीडशे ग्रॅम कर्बोदके सहज बसतात. याच्या उलट टोकाचा उपवास आणखी घातक. रामनवमीला दुपारी बारापर्यंत पाणीसुद्धा न घेणारे कडक भक्त साखर उतरवणारी गोळी मात्र सकाळीच घेतात, कारण गोळी म्हणजे खाणे नव्हे. ग्लिमेपिराइडच्या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात. त्यांना पंचांग कळत नाही. पाळण्याच्या दोरीशी उभ्या माणसाचे हात थरथरू लागतात, कपाळावर घाम येतो, आणि आजूबाजूचे म्हणतात, केवढा भाव आहे!

हा भाव नसून हायपो असतो. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, भूक, चिडचिड सुरू होते. उपाय पंधराचा. पंधरा ग्रॅम चटकन उतरणारी साखर घ्यावी, पंधरा मिनिटे थांबावे, पुन्हा तपासावे. पंधरा ग्रॅम म्हणजे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून. पेढा किंवा बर्फी यासाठी कामाची नाही, त्यातले तूप-खवा साखरेची वाट अडवतात. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. मधुमेही माणसाने साखर जवळ बाळगावी, ती फक्त याच कामासाठी. व्यवहारात दोन अडचणी येतात. एक, खिशातली पुडी हायपोची वाट पाहत राहत नाही. दोन, खरोखर हायपो झाला तेव्हा घरातले हात धरतात : ‘साखर नको, त्यांना शुगर आहे.’ रामनवमीच्या सुंठवड्यातली खडीसाखर एरवी माफक उपद्रव देते, त्या क्षणी मात्र ती औषध असते. एकच पदार्थ, वेळेप्रमाणे दोन नावांचा.

लग्नकार्यात मोजणीची कसोटी लागते. समर्थांनी जो शब्द ऐकून मंडप सोडला, तोच शब्द ऐकून आजचा वऱ्हाडी मंडपाच्या दुसऱ्या टोकाकडे निघतो, कारण मंगलाष्टका संपत आल्या आणि ताटे लागली याची ती खूण असते. पूर्वी पंगतीत वाढपी आग्रह करी. ‘मामा, एक जिलबी, वरमाईच्या नावाची’ म्हणत तो ताटावर ओणवा होई, आणि दोन्ही हात ताटावर आडवे धरले तरी बोटांच्या फटीतून जिलबी उतरे. आग्रहाची जिलबी मोजायची नसते, ती वाढणाऱ्याच्या खात्यावर जाते, असा समज आहे. स्वतः वाढून घ्यायच्या पद्धतीत वाढपी नाही, म्हणून माणूस तो आग्रह स्वतःलाच करतो.

आग्रहाइतकाच सल्ला मुबलक. शुगर निघाल्याची बातमी फुटल्यापासून आठ दिवसांत घरात कारल्याचा रस, भिजवलेल्या मेथ्या, जांभळाच्या बियांची पूड आणि कडुनिंबाचा पाला जमा होतो. मेथीतले तंतू साखरेचा वेग थोडा कमी करतात. पण यांतले काहीही डॉक्टरांच्या गोळीची जागा घेत नाही. कडू खाल्ले की गोड वजा होते, या हिशेबावर सकाळी कारल्याचा रस पिऊन दुपारी खीर खाल्ली जाते. जिभेच्या वहीत ही वजाबाकी बरोबर आहे.

महाराष्ट्रात २०१८ च्या सुमारास या विषयावर घरोघरी दोन पंथ झाले. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे म्हणणे दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा आणि ४५ मिनिटे चाला. ऋजुता दिवेकर यांचा भर थोड्याथोड्या वेळाने खाण्यावर आणि आपल्या मातीतल्या अन्नावर. दोघांची बाजू घेणारे एकाच घरात, पुष्कळदा एकाच ताटावर बसत. त्यातून तिसरा, सर्वांत मोठा पंथ निघाला : दीक्षितांप्रमाणे दोनदा पोटभर जेवायचे आणि मधल्या वेळात दिवेकरांप्रमाणे दर दोन तासांनी थोडे खायचे. या पंथाला संस्थापक नाही, अनुयायी मात्र गणतीला नाहीत.

चालण्याबाबत जांबला सबब शोभत नाही. समर्थांनी टाकळीला रोज बाराशे सूर्यनमस्कार घातले, असे परंपरा सांगते, आणि पुढे बलोपासनेसाठी गावोगाव मारुती बसवले. चालताना स्नायू इन्शुलिनची फारशी मदत न घेता रक्तातले ग्लुकोज ओढतात, म्हणून जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची फेरीही उपयोगी पडते. ‘शेतात काय कमी चालतो?’ हा प्रश्न मोटारसायकलवरून विचारला जातो. माधुकरीची जुनी पद्धत या दृष्टीने निम्मी आदर्श होती. पाच घरे पायी फिरायची, हा व्यायाम. पाच घरचे अन्न एका झोळीत, ही मात्र मोजणीची वाट लावणारी गोष्ट.

तपासण्या तीन प्रकारच्या. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा जास्त असेल, आणि दुसऱ्यांदाही तशीच निघाली, तर मधुमेह. जेवणानंतर दोन तासांनी करतात ती दुसरी, बोलीत ‘पीपी’. या दोन्ही त्या दिवसाचा पंचनामा करतात. पंचनाम्याची तारीख आधी कळली की गाव झाडून ठेवता येते. तपासणीआधी तीन दिवस गोड बंद, आदल्या रात्री अर्धीच भाकरी, सकाळी अनवाणी रामाच्या देवळापर्यंत चालणे. अनवाणी तर मुळीच चालू नये, कारण मधुमेहात पायाला मुंग्या येऊन संवेदना जाते आणि काटा रुतला तरी कळत नाही. रिपोर्ट मात्र ‘नॉर्मल’ येतो आणि परतीच्या वाटेवर भजी खाल्ली जातात. तिसरी तपासणी एचबीए१सी. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात हिमोग्लोबिनला साखर चिकटत राहते. ती किती चिकटली यावरून दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ५.७ टक्क्यांच्या आत ठीक, ६.५ आणि पुढे मधुमेह. बहुतेक रुग्णांना ती ७ च्या आत ठेवायला सांगतात. हा सातबारा आहे. त्यात तीन दिवसांच्या सदाचाराची नोंद लागत नाही. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर हा आकडा खोटा वाढूनही दिसतो. हे डॉक्टरांना सांगावे, मात्र सबब म्हणून वापरू नये.

जेवणाआधी इन्शुलिन घेणाऱ्यांना, विशेषतः टाइप वनच्या मुलांना, मोजणी अटळ असते. १९२१ मध्ये टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे काढले, आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या मुलाला ते पहिल्यांदा टोचले. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून जगवत. आता हिशेब उलटा करता येतो : जेवण किती ते मोजायचे आणि इन्शुलिन त्याप्रमाणे घ्यायचे. ढोबळ सुरुवात म्हणून ५०० ला दिवसभराच्या एकूण युनिटांनी भागतात. ५० युनिटे लागत असतील तर एक युनिट १० ग्रॅम कर्बोदकांना पुरते. पक्का आकडा डॉक्टरच ठरवतात. या घरांत एक गोष्ट ध्यानात येते. दहा वर्षांची मुलगी भाकरीचा तुकडा बघून ‘वीस ग्रॅम’ सांगते आणि चुकत नाही. साठीचे आजोबा त्याच ताटावर बसून म्हणतात, ‘आम्ही काही मोजत नाही बुवा.’ गोळ्यांवर असणाऱ्यांनी इतके काटेकोर नसले तरी चालते. रोज साधारण त्याच वेळी तेवढेच खावे. अर्ध्या ताटात भाज्या, पाव ताटात डाळ-उसळ आणि उरलेल्या पावात भाकरी किंवा भात. पाव ताट भाकरी, ताटभर भाकरी नव्हे.

शेवटी रीतीप्रमाणे एक सोडवलेले उदाहरण. एका रुग्णाला दिवसाला १८०० ऊष्मांकांचा आहार सांगितला आहे. त्यातले निम्मे कर्बोदकांतून यावेत. म्हणजे ९०० भागिले ४, बरोबर २२५ ग्रॅम. काय खाता, या प्रश्नाला त्याचे उत्तर : ‘सकाळ-संध्याकाळ एकएक भाकरी, वरण, भाजी. गोड तर पार बंद.’ दोन भाकरी १२०, दोन वाट्या वरण ३०, भाज्या १०. एकूण १६०. डॉक्टर खुश होतात आणि मग रिपोर्टकडे बघतात.

आता न सांगितलेल्या नोंदी. ‘कमी साखरेचा’ अर्धा कप चहा सहा वेळा, प्रत्येकी एक चमचा साखर आणि थोडे दूध धरून साडेसात ग्रॅम : ४५. सकाळची चार ग्लुकोज बिस्किटे : १७. बांधावरचा एक जांब : १०. शेजारी सोयरिकीची बोलणी चालली होती, तिथे बसवून घेतले म्हणून बशीभर पोहे : ३८. नातवाने टाकलेली अर्धी पोळी आणि तिच्यावरचा गूळ, कारण अन्न टाकू नये : १८. बेरीज १२८. दोन्ही मिळून २८८. ठरल्यापेक्षा ६३ ग्रॅम जास्त, म्हणजे रोज एक भाकरी, तीही कुणी न वाढलेली. तिचे नाव जेवण नाही, म्हणून ती हिशेबात नाही. ती ओळखता आली की उपाय फारसा कठीण राहत नाही. चहा फिक्का आणि तीन वेळा, बिस्किटे बंद, पोहे खाल्ले तर संध्याकाळची भाकरी अर्धी, नातवाला मुळात पावच पोळी वाढायची. तेवढ्याने हिशेब २२५ च्या आत येतो. बांधावरचा जांब तसाच राहू द्यावा.

ताळा : तीन महिन्यांनी, एचबीए१सी.